चारची येऊन जाऊ द्या

मित्रांनो, मी एक जुनं रेल्वे फाटक आहे. रेल्वे कधीच गेली, मी मात्र अजून जागचा हललेलो नाही. सायकलवाले माझ्या अंगाला सायकली टेकवतात, पाव आणि चीज काढून खातात, माझे फोटो काढतात आणि "किती छान, किती जुनं!" म्हणत पुढे जातात. छान ठीक आहे, पण जुनं म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी नुसता शोभेला उभा नाही, माझी नोकरी चालू आहे. त्या नोकरीचीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

रेल्वेच्या कारखान्यात लोखंडाच्या पट्ट्या कापून, तापवून, रिव्हेट ठोकून मला घडवलं. मग लाल-पांढरा रंग दिला आणि मधोमध कंदील टांगायला एक आकडा बसवला. इतर फाटकांचा दांडा वर-खाली होतो तसं माझं नाही. माझ्या पायाला चाकं आहेत. रस्त्यावर आडव्या बसवलेल्या छोट्याशा रुळावरून मी सरकतो. ढकललं की रस्ता बंद, ओढलं की मोकळा. रुळांच्या पलीकडच्या बाजूला अगदी माझ्यासारखंच दुसरं फाटक होतं, माझा जुळा भाऊच म्हणा ना.

आमच्या शेजारी दोन खोल्यांचं फाटकघर आहे. तिथे लेओंतीनबाई नव्या नवरी म्हणून आल्या. नवरा रुळांच्या दुरुस्तीवर जाई आणि फाटक बाई सांभाळत. मागच्या स्टेशनातून घंटा वाजली की हातातलं काम टाकून त्या बाहेर येत. मला ढकलत, पलीकडे जाऊन भावाला ढकलत आणि गुंडाळलेला लाल झेंडा हातात धरून ताठ उभ्या राहत. तोंड गाडीकडे. ड्यूटीवर बोलायचं नाही, हसायचं नाही, हात हलवायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की गाडी फाटकावर थांबता कामा नये. गाडीला थांबावं लागलं तर चूक फाटकवालीची. या नियमापायी बाईंनी लग्नाची वरात उन्हात उभी केली, डॉक्टरला उभं केलं, आणि चुलीवरचं सूप तर किती वेळा करपवलं त्याला गणती नाही.

गावातला एदगार नावाचा पोरगा माझ्यावर लोंबकळून झोके घ्यायचा. बाईंनी एकदा त्याचा कान असा पिरगाळला, की तो जवळच चरणाऱ्या गाईंच्या कळपात जाऊन लपला. हा एदगार पुढे आपल्या गोष्टीत येणार आहे, तेव्हा त्याचा कान लक्षात ठेवा.

एकदा तपासणीला मोठे साहेब आले होते. त्यांनी पांढऱ्या हातमोज्याचं बोट माझ्या अंगावरून फिरवलं, उलटून पाहिलं आणि म्हणाले, "स्वच्छ." एवढंच. पण मित्रांनो, त्या एका शब्दावर मी कित्येक हिवाळे काढले.

मग एक दिवस आमची गाडी बंद झाली. शेवटच्या इंजिनाच्या छातीवर फुलांचं कडं बांधलं होतं. गावचा बँड वाजत होता, लोक वाइन पीत होते आणि रडतही होते. बाईंनी मला लावलं, गाडी गेली, बाईंनी मला उघडलं आणि आत जाऊन बटाटे सोलत बसल्या. नंतर रूळ उखडले. तेव्हाही बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. माझ्या भावाला कुणीतरी उचलून नेलं. तो आता कोंबड्यांच्या खुराड्याचं दार आहे म्हणे. काय एकेकाचं नशीब!

रेल्वेने फाटकघर बाईंनाच देऊन टाकलं. सोलांज, त्यांची एकुलती मुलगी, शिकून शहरात नोकरीला लागली. पुढे नवरा गेला. रुळांच्या जागी काटेरी वेली माजल्या, माझ्या गजांतून चढल्या. पाऊस पडून गेला की लोक बादल्या घेऊन माझ्या पायाशी खायच्या गोगलगायी वेचायला येत, तेवढीच काय ती वर्दळ. मला फार वाईट वाटे. पण दर वसंतात बाई नवऱ्याच्या वेळचा ग्रीसचा डबा काढत आणि बोटभर ग्रीस माझ्या चाकांना चोपडत. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नसावं. मला बरं वाटे.

एका वर्षी मशिनं आली. वेली गेल्या आणि रुळांच्या जागी चुनखडीची बारीक पांढरी खडी पसरून वर रोलर फिरवला. गावोगावच्या कुरणांतून, झाडांच्या सावलीतून जाणारी सायकलींची वाट तयार झाली. तिच्यावर मोटारीला, फटफटीला मनाई. मला आधी हसू आलं. ज्या जागी मालगाडी धडधडत जायची तिथे आता सायकल! पण मग खडीवरून चाकं चालल्याचा तो खर्रर्र आवाज कानात बसला आणि आवडायला लागला. लोक परत येऊ लागले, मला आणखी काय हवं होतं?

बाईंना तर उधाण आलं. खिडकीत बसून त्या वाटेवरच्या प्रत्येकाला रेल्वेच्या भाषेत नाव द्यायच्या. वाकून सुसाट पळणारे चकचकीत कपड्यांतले सायकलवाले म्हणजे एक्सप्रेस. पोरंबाळं घेऊन दर झाडाखाली थांबणारं कुटुंब म्हणजे पॅसेंजर. पाठीवर बोजे घेऊन चालणारे म्हणजे मालगाडी. त्यांच्यासाठी बाई उठत नसत. रस्त्याशी आलं की थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, मग ओलांडायचं, अशी पाटी लावलेली होती, आणि सगळे तसंच करत.

मग ऑदील आली.

ऑदील घरांवर कौलं घालायची. एकदा छपरावरून पडली आणि कमरेखाली लुळी पडली. आता ती पलीकडच्या गावच्या चीजच्या डेअरीत फोनवर बसते. सकाळी तिथला एक सोबती तिला गाडीतून नेतो. पण संध्याकाळी ती कुणाचं ऐकत नाही. जमिनीलगत आडवी पसरलेली एक तीनचाकी आहे, पेडल हातांनी फिरवायचं. तिच्यावर आडवी होऊन ती एकटी, स्वतःच्या हातांच्या जोरावर घरी येते. दिवसभरात तेवढाच वेळ तिला कुणी ढकलत नाही.

पण माझ्यापाशी एक गोची होती. डांबरावर डांबर चढून रस्ता उंच झालेला. खडीच्या वाटेवरून रस्त्यावर चढायला छोटीशी पण उभी चढण आहे आणि पावसाने तिथली खडी सैल होते. वेगात आलं तर तीनचाकी चढते. थांबलं की संपलं. पुढचं चाक जागच्या जागी गरगरतं, खडी उडते आणि गाडी मागे घसरते. शिवाय ज्या बाजूला मी उभा, तिकडे रस्त्याला वळण आहे आणि वळणावर एदगारच्या कुरणाचं झुडपांचं उंच कुंपण. एवढी बुटकी तीनचाकी कुंपणाआडून मोटारवाल्याला दिसणार कशी? तिच्या मागे काठीवर एक झेंडी होती, पण ती कुंपणाच्या निम्म्यालाही पुरत नव्हती.

पहिल्या दिवशी ऑदील पाटीप्रमाणे थांबली आणि अडकली. मग कशीबशी अर्धी रस्त्यावर आली, तोच वळणावरून एक मोटार हॉर्न बडवत तिच्या केसांजवळून गेली. बाई खिडकीतून उठून दारापर्यंत येईतो ऑदील दातओठ खात पलीकडे पोचलीही होती. बाई बराच वेळ तिच्या मागे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला त्या कपाटातला झेंडा घेऊन बाहेर आल्या. माझ्यावर खांदा लावला आणि ढकललं. मित्रांनो, माझी चाकं फिरली! इतक्या वर्षांनी! कुरकुरलो, पण फिरलो. वळणाकडचा रस्ता बंद झाला. दुसरी बाजू सरळसोट, तिकडून येणाऱ्याला लांबूनच सगळं दिसतं. ऑदील वेगात आली, चढण चढली, पलीकडे उतरली आणि जाता जाता हात हलवला. बाईंनी हलवला नाही. ड्यूटी होती ना.

तेव्हापासून रोज हेच. कामाच्या दिवशी चारला मी बंद, ऑदील गेली की मी उघडा. दोघी एकमेकींशी कधी एक शब्द बोलल्या नाहीत. बाई तिला "चारची" म्हणत.

आणि इथेच सगळा घोळ झाला.

पाववाला फिरमँ आपली गाडी घेऊन गावोगाव पाव विकतो. तो एकदा माझ्यामागे अडकला आणि खिडकीतून डोकं काढून ओरडला, "काय हो मादाम, पॅरिसची एक्सप्रेस यायचीय वाटतं?"

"चारची यायचीय," बाई म्हणाल्या. "आणि तुझ्या पावाइतका उशीर ती करत नाही!"

फिरमँने गावभर सांगितलं, की म्हातारी रूळ नसलेल्या गाडीसाठी फाटक लावते. ऑदील जाताना त्याला दिसली होती, पण सायकलवाले काय, दिवसभर जातात. त्यांच्यापैकी एकीसाठी रस्ता बंद होतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. लोक हसले. मग काहीजण चिडले. दुधाच्या टँकरवाल्याने तक्रार केली. शेवटी गावचे मेयर आले. मेयर म्हणजे कोण? आपला एदगार! आता टक्कल पडलेला, पांढऱ्याशुभ्र गाईंचा मोठा कळप बाळगणारा एदगार.

तो नेमका चारला आला. टोपी काढून हळूच म्हणाला, "मादाम, जरा बोलायचं होतं."

"आत्ता नाही रे एदगार. चारची येऊन जाऊ दे."

"मादाम... गाडी बंद होऊन किती वर्षं झाली हो?"

"ड्यूटीवर बोलत नाहीत, हे तुला लहानपणी शिकवलंय ना? कान आठवतोय?"

एदगारने नकळत कानाला हात लावला. त्याचे डोळे भरून आले होते. थोडा वेळ थांबला असता तर सगळं समोर दिसलं असतं. पण त्याच्याने बघवेना. तो तसाच परत फिरला आणि सोलांजला फोन केला.

सोलांज वाईट नाही हो. रोज संध्याकाळी आईला फोन करायची. "आई, औषध घेतलंस? गॅस बंद केलास?" असं विचारायची. आणि आई कधी म्हणायची, "ठेव फोन, चारचीने आज उशीर केलाय, मला फाटकाशी जायचंय." त्यात एदगारचा हा फोन आला. मे महिन्यातल्या एका रविवारी ती मोटार घेऊन आली.

"आई, त्या वृद्धाश्रमात छान बाग आहे. फक्त आठवडाभर राहून बघ. तुझ्या वयाची माणसं असतात, गप्पा होतील."

"माझ्या वयाची माणसं फार बोलतात," बाई म्हणाल्या. "आणि चारचीचं कोण बघणार?"

सोलांज मला टेकून रडायला लागली. आई आपल्या हातातून निसटत चालली, असंच तिला वाटत होतं. लेकीचं रडू कुठल्या आईला बघवतं? पिशवीत दोन कपडे आणि तो झेंडा घेऊन बाई मोटारीत बसल्या. जाताना काच खाली करून माझ्याकडे बघितलं. आठवडाभराने परत आणलं नाही तर काय, हे त्यांच्याही मनात होतं आणि माझ्याही.

सोमवारी सकाळी एदगार आला आणि मला उघड्या स्थितीत साखळी घालून कुलूप लावलं. "माफ कर बाबा," असं तो मला म्हणाला, हे खरं. पण माफीने कुलूप उघडत नाही.

चार वाजत आले. लांबून खडीचा खर्रर्र आवाज येऊ लागला आणि त्याच वेळी वळणापलीकडून ट्रॅक्टरचा आवाज. पहिल्या कापणीचं गवत वाहून न्यायचे दिवस होते. मी साखळीत अडकलेला, मला ना ओरडता येत होतं ना सरकता. लोखंडाच्या जन्माला आल्याचं मला त्या दिवसाइतकं दुःख कधी झालं नाही.

ऑदीलने लांबून पाहिलं की आज फाटक लागलेलं नाही. तिने ब्रेक दाबला, खडीवर चाकं फरफटली आणि ती चढणीवर अडकली. पुढचं चाक रस्त्यावर, बाकी गाडी खाली, आणि चाक नुसतं गरगर फिरतंय. वळणावरून ट्रॅक्टर आला. एदगारच चालवत होता. त्याने सगळा जोर लावून ब्रेक मारला. मागच्या गवताच्या गठ्ठ्यांतला एक सुटून घरंगळत चरात गेला. ट्रॅक्टर ऑदीलपासून दोन हातांवर थांबला.

एदगार उडी टाकून खाली उतरला. "लागलं का हो? लागलं का कुठे?"

"नाही," ऑदील म्हणाली. तिचा रंग उडाला होता. मग तिला राग आला. "पण तुमचं फाटक आज का नाही लावलं?"

"आमचं फाटक?"

"गावाने ठेवलीय ना त्या बाईंना? रोज लावतात. मी वेगात आले नाही तर ही चढण मला चढताच येत नाही. मी तर डेअरीत सगळ्यांना सांगते, या गावासारखी सोय कुठे नाही!"

एदगारने माझ्याकडे बघितलं, साखळीकडे बघितलं, मग कुंपणाकडे. कुंपण त्याचंच होतं.

"तुम्ही रोज... चारला येता?" त्याने विचारलं.

"चारलाच. का?"

पुढचं मी पाहिलं नाही, नंतर सोलांजनेच माझ्याजवळ उभं राहून ऑदीलला सांगितलं ते ऐकलंय. एदगार गवताने माखलेल्या कपड्यांनीच तडक वृद्धाश्रमात गेला. बाई खिडकीत बसल्या होत्या, झेंडा मांडीवर, समोरचं सूप गार झालेलं. सोलांज बाजूला बसलेली.

एदगार म्हणाला, "मादाम, आज चारची माझ्या ट्रॅक्टरखाली येणार होती."

बाई ताडकन उठल्या. "फाटक कुणी उघडं ठेवलं?"

"मी."

"तिला लागलं?"

"नाही."

बाई चेहरा झाकून रडल्या. सोलांज भांबावली. "आई, चारची म्हणजे कोण?"

"कोण म्हणजे? ती बाई, हाताने गाडी चालवते ती. तुला काय वाटलं, आगगाडी? अगं, रूळ उखडले तेव्हा मी समोर उभी होते!"

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तू औषधाचं विचारतेस, गॅसचं विचारतेस."

सोलांजने उठून आईची पिशवी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी एदगारने साखळी काढली आणि चारला बाईंनी बाहेर येऊन मला ढकललं. माझ्यामागे एदगार, सोलांज आणि पावाची गाडी थांबवून फिरमँ, असे सगळे उभे. ऑदील आली. आता तिला एदगारकडून सगळं कळलं होतं. तिला आभार मानायचे होते म्हणून ती चढणीच्या तोंडाशी थांबली.

"थांबू नका!" बाई किंचाळल्या. "पुढे चला! गाडी फाटकावर थांबत नसते!"

पण उशीर झाला होता. चाक गरगरायला लागलं. एदगार आणि फिरमँ धावले आणि धक्का मारून तिला वर काढलं. बाई रागाने लाल. "माझ्या आयुष्यात कधी गाडीला धक्का मारावा लागला नव्हता!" यावर ऑदील हसायला लागली, मग सगळेच. बाई मात्र हसल्या नाहीत. आधी मला उघडलं, झेंडा दाराशी ठेवला. मगच वाकून ऑदीलच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि कॉफीचं आधण ठेवायला आत गेल्या.

एदगारने गावच्या कचेरीतून रीतसर हुकूम काढला, की चारची जाईपर्यंत फाटक बंद राहील. कुंपण त्याला लगेच छाटता येईना, घरट्यांचे दिवस होते. पिल्लं उडाल्यावर त्याने ते कमरेएवढं कापलं. "आता वळण दिसतं, मादाम," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "कुंपण पुन्हा वाढतं रे." तेव्हा माझी नोकरी अजून चालू आहे.

आता बाईंच्या खांद्यात पूर्वीचा जोर नाही. त्या वेळी मोटारीतून जो कोणी पहिला येईल तो उतरतो आणि त्यांच्याबरोबर मला ढकलतो. कधी टँकरवाला, कधी फिरमँ. ढकलायचा मान मिळावा म्हणून तो आताशा चारलाच येतो. पाव अजूनही उशिराच.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे फार मागणं नाही. अशा खडीच्या वाटेने कधी गेलात आणि माझ्यासारखं एखादं फाटक दिसलं, तर चीजची साल त्याच्या खाचेत कोंबू नका. जमलं तर बोटभर ग्रीस लावा. आणि एखादं म्हातारं माणूस रोज ठरल्या वेळी दाराशी येऊन उभं राहत असेल, तर त्याचं डोकं फिरलंय असं ठरवण्याआधी त्याला एकदा विचारा, की तुम्ही कुणाची वाट बघताय.

सोलांजचा फोन अजून रोज येतो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी असते, मला सगळं ऐकू येतं. औषधाचंही ती विचारतेच, पण नंतर.

आधी विचारते, "आई, चारची गेली?"

"गेली," बाई म्हणतात. "वेळेवर."